यंत्राला बुद्धिबळ शिकविणारा अभियंता

बुद्धिबळाचा खेळ मूळचा आपल्या देशातला. चतुरंग या नावाने तो येथे जन्मास आला, येथून इराणात गेला, इराणातून अरबांच्या हाती लागला आणि अरबांबरोबर युरोपच्या पश्चिम टोकास असलेल्या स्पेन देशात जाऊन पोहोचला. तेथे तो इतका रुजला की, सन १२८३ मध्ये राजा दहावा अल्फोन्सो याने सेव्हिल नगरीत बुद्धिबळ व इतर बैठ्या खेळांवर एक सचित्र ग्रंथच तयार करवून घेतला. या खेळात फासे नाहीत आणि नशिबालाही जागा नाही. दोन्ही बाजूंचे सैन्य सारखे, पट एकच आणि नियमही तेच. जो अधिक विचार करील तो जिंकेल. म्हणूनच बुद्धिबळ ही मनुष्याच्या बुद्धीची कसोटी मानली गेली. आणि म्हणूनच लोखंडाच्या निर्जीव यंत्राला हा खेळ खेळता येईल काय, या प्रश्नाने अनेकांना भुरळ घातली.

सन १७७० मध्ये ऑस्ट्रियाच्या राजधानीत, महाराणी मारिया तेरेझा हिच्या दरबारात, वोल्फगांग फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने असे एक यंत्र आणून उभे केले. एका मोठ्या पेटीमागे तुर्की वेषातला लाकडी पुतळा बसविलेला होता. पेटीवर पट मांडला की, पुतळा आपला हात हलवून सोंगट्या पुढे सरकवी आणि भल्याभल्यांना हरवी. पुढे १८०९ साली सम्राट नेपोलियननेही त्याच्याशी डाव मांडला. पेटीची दारे उघडून आतील चाके दाखविली जात आणि लोक तोंडात बोटे घालीत. परंतु हे सारे कपट होते. पेटीच्या पोटात एक निष्णात खेळाडू दडून बसलेला असे आणि मेणबत्तीच्या उजेडात तोच आतून सारा डाव चालवीत असे. अनेक वर्षे जगाला चकविल्यावर १८५४ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात लागलेल्या आगीत हा तुर्क जळून खाक झाला.

ज्या पुरुषाने पुढे कोणालाही पेटीत न लपविता बुद्धिबळ खेळणारे खरेखुरे यंत्र तयार केले, तो त्या वेळी दीड वर्षाचे मूल होता. त्याचे नाव लिओनार्दो टोरेस केवेदो.

लिओनार्दोचा जन्म २८ डिसेंबर १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील सांताक्रूझ दे इगुन्या या डोंगराळ भागातील लहानशा गावी झाला. त्याचे वडील लोहमार्गाचे अभियंता होते आणि कामानिमित्त बिल्बाओ शहरी राहत. वडिलांना नोकरीसाठी वरचेवर परगावी जावे लागे. त्यामुळे लिओनार्दोचे बरेचसे बालपण बिल्बाओतील बारेनेचेआ घराण्यातील नातलग स्त्रियांच्या सहवासात गेले. या स्त्रियांनी त्याला पोटच्या मुलासारखे वाढविले आणि पुढे आपली मालमत्ताही त्याच्याच नावे केली. बिल्बाओत शिक्षण झाल्यावर तो दोन वर्षे पॅरिसला शिकावयास गेला. तेथे फ्रेंच भाषा त्याने इतकी आत्मसात केली की, पुढे आपले महत्त्वाचे शोधनिबंध तो त्या भाषेत सहज लिहू लागला. १८७१ साली त्याने माद्रिद येथील स्थापत्य अभियंत्यांच्या शासकीय विद्यालयात प्रवेश घेतला.

शिक्षण चालू असतानाच स्पेनमध्ये गादीच्या वारसाहक्कावरून यादवी युद्ध पेटले आणि बंडखोरांनी बिल्बाओला वेढा घातला. ज्या शहरात आपण वाढलो त्यावर संकट आले असता पुस्तके उघडून बसणे त्या तरुणास रुचले नाही. अभ्यास बाजूला ठेवून तो स्वयंसेवक म्हणून शहराच्या रक्षणार्थ गेला. वेढा उठल्यावर तो विद्यालयात परतला आणि १८७६ साली आपल्या वर्गात चौथा क्रमांक मिळवून अभियंता झाला.

अभियंत्याला त्या काळी सरकारी नोकरीचा राजमार्ग खुला होता. टोरेस यांनी थोडे दिवस लोहमार्गाचे काम केले. पण मग ती वाट सोडून दिली. बारेनेचेआ भगिनींच्या मालमत्तेमुळे पोटापाण्याची चिंता नव्हती. पैसा हाती असलेले पुष्कळ तरुण तो चैनीत उडवितात. टोरेस यांनी त्या पैशाने विचार करण्यासाठी वेळ विकत घेतला. ते युरोपभर हिंडले, नवी यंत्रे व नवे शोध त्यांनी डोळसपणे पाहिले आणि मग आपल्या जन्मगावाच्या खोऱ्यात परत येऊन स्थिरावले. १८८५ साली लुझ पोलांको यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

डोंगराळ मुलुखात एका उंचवट्यावरून समोरच्या उंचवट्यावर जायचे म्हणजे दरी उतरून पुन्हा चढावी लागे. टोरेस यांनी १८८७ च्या सुमारास आपल्या घराजवळ दोन टोकांमध्ये सुमारे २०० मीटर लांबीचे दोर ताणून त्यावरून चालणारा एक पाळणा तयार केला. त्यात बसण्यासाठी साधे आसन होते आणि तो ओढण्यासाठी यंत्र नव्हते. गाईंची एक जोडी तो ओढी. आज ज्याला आपण रोपवे म्हणतो त्याचेच हे प्राथमिक रूप होय.

हा पाळणा दिसावयास गावंढळ असला तरी त्यामागील विचार फार मोठा होता. दोर दोन्ही टोकांना पक्का बांधला तर पाळण्यात माणसे वाढताच दोरावरचा ताण वाढतो आणि तो तुटण्याची भीती उत्पन्न होते. टोरेस यांनी दोराचे एकच टोक पक्के बांधले. दुसरे टोक कप्पीवरून खाली सोडून त्याला एक जड वजन लटकविले. आता पाळण्यात माणसे कमी असोत की जास्त, दोरावरचा ताण त्या लटकत्या वजनाइतकाच राही. भार वाढला तर दोर थोडा अधिक झोळ खाई आणि वजन किंचित वर उचलले जाई, इतकेच. शिवाय असे अनेक दोर शेजारी शेजारी लावले म्हणजे त्यांपैकी एखादा तुटला तरी उरलेल्यांवर जास्तीचा ताण पडत नसे. माणसाचा जीव एका दोरावर टांगावयाचा नाही, हा त्यातील मुख्य हेतू होता. त्याच वर्षी त्यांनी या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे त्यांनी ही योजना स्वित्झर्लंडमध्ये मांडून पाहिली. परंतु माणसांनी दोरावरून दरी ओलांडावी ही कल्पना तेथे कोणास पटली नाही. टोरेस खट्टू होऊन बसले नाहीत. ते दुसऱ्या प्रश्नाकडे वळले.

हा दुसरा प्रश्न गणिताचा होता. बीजगणितातील अवघड समीकरणे सोडविण्यास गणिती मनुष्याला तासन्‌तास आकडेमोड करावी लागे. चाके, दंड व दाते यांची योग्य जुळणी केली तर तीच उत्तरे यंत्र देऊ शकेल, असे टोरेस यांनी सिद्ध केले आणि तशी यंत्रे बनविली. त्यांवरील त्यांचे निबंध फ्रान्समधील विद्वानांनी वाखाणले. ही यंत्रे गणित करीत. परंतु गणित करणे निराळे आणि निर्णय घेणे निराळे, हे टोरेस यांना पुरते ठाऊक होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात विमानविद्येचे वारे वाहू लागले होते. टोरेस यांनी नव्या पद्धतीच्या वायुनौकेचा आराखडा केला. पण कच्च्या वायुनौकेत बसून चाचणी घेणाऱ्यांचे प्राण धोक्यात येत. तेव्हा माणूस जमिनीवर उभा राहील आणि वायुनौका दुरूनच चालविता येईल असे साधन पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून ‘टेलेकिनो’ हे यंत्र निघाले. १९०३ साली त्यांनी ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. बिनतारी संदेशाच्या लहरी दुरून सोडावयाच्या. एक संदेश गेला की नौकेवरील चाक एक पाऊल फिरे, दोन गेले की दोन पावले फिरे. आणि चाक ज्या जागी थांबे त्याप्रमाणे सुकाणू डावीकडे वळे, उजवीकडे वळे किंवा पंखा सुरू होई.

२५ सप्टेंबर १९०६ रोजी बिल्बाओच्या बंदरात राजा तेरावा अल्फोन्सो आणि किनाऱ्यावर जमलेला अफाट जनसमुदाय यांच्या देखत टोरेस यांनी किनाऱ्यावरून एक नाव समुद्रात हवी तशी वळवून दाखविली. वायुनौकेचेही काम पुढे गेले. त्यांच्या आराखड्यावरून फ्रान्समधील ॲस्ट्रा कंपनीने वायुनौका बांधल्या आणि १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात त्या पाणबुड्यांवर नजर ठेवण्याच्या कामी आल्या.

टेलेकिनोने जगाला चकित केले. परंतु टोरेस यांचे समाधान झाले नाही. किनाऱ्यावरून जी आज्ञा येई तेवढीच ती नाव पाळी. विचार माणसाचा होता. यंत्र केवळ आज्ञाधारक सेवक होते. समोर परिस्थिती बदलली तर तिच्याकडे पाहून, पुढे काय करावयाचे हे यंत्राने स्वतःच ठरविले पाहिजे, असे यंत्र करता येईल काय? अनेक विद्वानांचे मत होते की, येथे यंत्राची हद्द संपते. टोरेस यांना वाटे की, कोणत्या परिस्थितीत काय करावयाचे याचे नियम जर आपल्याला पुरते सांगता आले, तर ते पाळणारे यंत्रही बांधता आले पाहिजे. हा वाद शब्दांनी मिटणार नव्हता. म्हणून त्यांनी बुद्धिबळाचा पट पुढे ओढला.

तथापि संपूर्ण बुद्धिबळ खेळू शकेल असे यंत्र आपण बांधू, अशी बढाई त्यांनी मारली नाही. बत्तीस सोंगट्यांच्या डावात शक्यता इतक्या असतात की, त्या काळच्या तारा व चुंबकांना त्या पेलल्या नसत्या. त्यांनी डावाचा एक छोटासा शेवट निवडला. यंत्राकडे पांढरा राजा व पांढरा हत्ती. समोरच्या माणसाकडे केवळ काळा राजा. अशा स्थितीत पांढऱ्याला मात करता येते, हे कोणाही जाणत्या खेळाडूला ठाऊक असते. पण त्यासाठी प्रत्येक चाल विचारपूर्वक करावी लागते. काळा राजा कोठे पळेल हे आधी सांगता येत नाही. तो जेथे जाईल ते पाहून उत्तर द्यावे लागते. म्हणजे निर्णय घेण्याचा प्रश्न येथे पुरेपूर होता. फक्त तो आवाक्यात आणलेला होता.

मग टोरेस यांनी स्वतः खेळाडू काय करतो याची बारकाईने छाननी केली आणि साऱ्या डावाला पुरतील असे मोजके नियम शोधून काढले. त्यांचे सार असे आहे. पांढरा हत्ती म्हणजे पटावर घातलेली एक आडवी भिंत. काळा राजा त्या भिंतीच्या खालीच राहिला पाहिजे आणि भिंत हळूहळू खाली खाली सरकविली पाहिजे. पटाच्या डाव्या बाजूच्या तीन उभ्या रांगा हा एक भाग व उजव्या बाजूच्या तीन रांगा हा दुसरा भाग. काळा राजा हत्ती असलेल्या भागात शिरला तर हत्तीला धोका. तेव्हा हत्तीने आडवे धावत पटाच्या दुसऱ्या बाजूला निघून जावे. तसा धोका नसेल आणि हत्तीची रांग काळ्या राजाच्या रांगेपासून एकाहून अधिक अंतरावर असेल, तर हत्तीने एक घर खाली उतरावे. हत्ती काळ्या राजाच्या अगदी वरच्या रांगेत येऊन ठेपला असेल, पण पांढरा राजा अजून दूर वर असेल, तर पांढऱ्या राजाने एक घर खाली यावे.

आता दोन राजांमध्ये एकच आडवी रांग उरली, म्हणजे पुढचे नियम लागू होतात. दोन्ही राजे एकाच उभ्या रांगेत समोरासमोर आले असतील, तर हत्तीने एक घर उतरून शह द्यावा. काळ्या राजाला वर जाता येत नाही, कारण ती घरे पांढऱ्या राजाने रोखलेली असतात. म्हणून त्याला खाली सरकावेच लागते. समोरासमोर नसतील तर त्यांच्यातील आडवे अंतर मोजावे. ते सम असेल तर पांढऱ्या राजाने काळ्या राजाच्या दिशेने एक पाऊल टाकावे. विषम असेल तर हत्तीने बाजूला एक घर सरकून नुसती चाल भरून काढावी, म्हणजे पुन्हा हलण्याची पाळी काळ्या राजावर येते. असे होता होता काळा राजा शेवटच्या रांगेला जाऊन भिडतो आणि तेथे त्याच्यावर मात होते.

इतके नियम कागदावर लिहिणे हे निम्मे काम झाले. ते तारांना शिकविणे हे उरलेले निम्मे. टोरेस यांनी पटाच्या प्रत्येक घराला विजेचा संपर्क जोडला. काळा राजा ज्या घरात बसे त्या घरातून विजेचा प्रवाह सुरू होई आणि राजा कोणत्या उभ्या व कोणत्या आडव्या रांगेत आहे हे यंत्राला कळे. ‘असे असेल तर हे, नाहीतर ते’ हा प्रत्येक नियमातील निवाडा विजेवर चालणाऱ्या कळी करीत. एक कळ मिटली की एक वाट खुली होई, दुसरी मिटली की दुसरी. आणि शेवटी प्रवाह ज्या वाटेने जाई त्याप्रमाणे यंत्र आपला राजा किंवा हत्ती हलवी. समोरच्या माणसाने नियमाविरुद्ध चाल केली तर दिवा लागे. ती चूक यंत्राच्या ध्यानी आली, हे त्यावरून कळे. तीन वेळा चूक झाली की यंत्र पुढे खेळणेच नाकारी.

‘एल अहेद्रेसिस्ता’, म्हणजे बुद्धिबळपटू, हे या यंत्राचे नाव. १९१२ साली ते तयार झाले आणि १९१४ साली पॅरिस विद्यापीठात विद्वानांपुढे मांडले गेले. कोणीही यावे, काळा राजा हाती घ्यावा आणि वाटेल तितका पळवून पाहावा. यंत्र दर वेळी शांतपणे उत्तर देई आणि अखेर मात करी. ज्यांना शंका होती त्यांना आतील तारा व चुंबके खुशाल पाहता येत होती. पेटीत दडलेला कोणी नव्हता. त्या यंत्रात जी बुद्धी होती ती टोरेस यांनी आधीच विचार करून, टप्प्याटप्प्याने, त्यात उतरविलेली होती, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही.

यंत्राला मर्यादाही होत्या. कमीत कमी चालींत मात करणे त्याला साधत नसे. कसलेला खेळाडू जो डाव थोडक्यात संपवील, त्याला हे यंत्र कधीकधी पन्नासाहून अधिक चाली घेई. त्याचे नियम साधे होते आणि ते जवळच्या वाटेपेक्षा खात्रीची वाट धरीत. टोरेस यांचा हेतू कोणा खेळाडूची फजिती करण्याचा नव्हताच. यंत्राला निवड करता येते, एवढे एकच सत्य त्यांना सर्वांच्या डोळ्यांदेखत ठेवावयाचे होते.

१९१४ सालीच त्यांनी स्वयंचलनाच्या शास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला. कारखान्यातील व गणितातील कोणती कामे अशा निवड करणाऱ्या यंत्रांवर सोपविता येतील, याचा त्यात विचार आहे. इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात प्रचंड गणनयंत्राची योजना आखली होती. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. बॅबेजने चाकांवर भिस्त ठेवली होती. तेच काम विजेच्या साहाय्याने होईल, हे टोरेस यांनी या निबंधात दाखविले. नुसते लिहून ते थांबले नाहीत. १९२० साली पॅरिसमध्ये त्यांनी टंकलेखन यंत्राला जोडलेले एक विद्युत गणनयंत्र मांडले. टंकलेखनाच्या कळींनी उदाहरण लिहिले की, यंत्र ते सोडवी आणि उत्तर त्याच कागदावर आपोआप उमटवी. त्याच सुमारास त्यांचा मुलगा गोन्सालो याच्या साहाय्याने बुद्धिबळाचे दुसरे, अधिक देखणे यंत्र तयार झाले. त्यात पटाखाली लपविलेल्या विद्युत चुंबकांनी सोंगट्या आपोआप सरकत, जणू त्यांना स्वतःचेच पाय फुटले आहेत.

स्वित्झर्लंडने नाकारलेला तारेवरचा पाळणाही वाया गेला नव्हता. १९०७ साली स्पेनमधील सान सेबास्तियान शहराजवळ उलिया टेकडीवर प्रवाशांसाठी तो सुरू झाला. पुढे स्पेनमधील भांडवलाने कॅनडात, जगप्रसिद्ध नायगारा नदीच्या भोवऱ्यावरून, अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांबीचा तारमार्ग बांधण्यात आला. बांधकामावर गोन्सालोने देखरेख केली. १९१६ साली तो लोकांसाठी खुला झाला. खाली फेसाळत गरगरणारे पाणी आणि वर शांतपणे सरकणारा पाळणा, असे दृश्य तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ प्रवाशांनी पाहिले आहे. गाईंच्या जोडीने ओढलेल्या त्या पहिल्या पाळण्याचाच हा वंशज होय.

देशोदेशींच्या विद्वत्सभांनी टोरेस यांचा गौरव केला. स्पेनच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद त्यांना लाभले. १९१८ साली त्यांना मंत्रिपद देऊ करण्यात आले. परंतु त्यांनी ते नम्रपणे नाकारले. ज्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी तरुणपणी सुखाची नोकरी सोडली होती, तिच्याकडे पाठ फिरविणे उतारवयात त्यांना मानवले नसते.

त्यांचे अखेरचे दिवस मात्र दुःखाचे गेले. १९३६ साली स्पेनमध्ये पुन्हा यादवी युद्ध भडकले आणि माद्रिद शहराला वेढा पडला. ज्याने तरुणपणी एका वेढ्यातून शहर राखण्यासाठी पुस्तके बाजूला ठेवली होती, त्याच्या वार्धक्यात दुसरा वेढा त्याच्या दाराशी आला. तोफांच्या गडगडाटात, १८ डिसेंबर १९३६ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला दहा दिवस उरले असताना त्यांनी जगाचा निरोप घेतला. प्रत्येकजण आपापला जीव वाचविण्याच्या चिंतेत होता. त्यामुळे एका थोर संशोधकाचे जाणे फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही.

परंतु त्यांचे यंत्र मागे उरले होते. १९५१ साली पॅरिसमध्ये विचार करणाऱ्या यंत्रांविषयी शास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा गोन्सालोने आपल्या वडिलांचा बुद्धिबळपटू तेथे नेला. नव्या शास्त्राचे प्रणेते नॉर्बर्ट वीनर यांनीही त्याच्याशी डाव खेळून पाहिला. तोवर विजेवर चालणारे प्रचंड गणक तयार होऊ लागले होते आणि त्यांना बुद्धिबळ कसे शिकवावे याचा विचार अनेक शास्त्रज्ञ करीत होते. त्या प्रश्नाचे एक छोटेसे उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले होते.

त्यानंतरची प्रगती वेगाने झाली. १९७७ साली अमेरिकेत ‘चेस चॅलेंजर’ नावाचा, घरातील मेजावर मावेल असा इलेक्ट्रॉनिक बुद्धिबळपट विक्रीस आला. पुढे निघालेल्या अशा पटांमध्ये खेळाच्या पायऱ्या ठरविण्याची सोय झाली. नवशिक्या मुलाने खालची पायरी निवडावी, म्हणजे यंत्र थोडाच वेळ विचार करून साधी चाल करी. मुरलेल्या खेळाडूने वरची पायरी निवडावी, म्हणजे यंत्र बराच वेळ घेऊन पुष्कळ चाली पुढचे पाही. काही पटांमध्ये सोंगटी उचलली वा ठेवली की त्या घराला ते आपोआप समजे आणि उत्तरादाखल दिवे लागून यंत्राची चाल दिसे. ज्याला जोडीला कोणी नाही अशा मुलालाही आता आपल्या बरोबरीचा, न कंटाळणारा सोबती मिळाला. शेवटी १९९७ साली ‘डीप ब्लू’ या महागणकाने जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सामन्यात हरविले. टोरेस यांच्या यंत्राला एकच डाव येत होता आणि एकच पायरी होती. पण घराला सोंगटी ओळखावयास शिकविणे, चुकीची चाल पकडणे आणि परिस्थिती पाहून उत्तर निवडणे ही तिन्ही कामे त्याने आधीच करून दाखविली होती.

टोरेस यांचे बुद्धिबळपटू माद्रिद येथे, जेथे ते अभियंता झाले त्याच विद्यालयातील संग्रहालयात, जतन करून ठेवलेले आहेत. तुर्काच्या पुतळ्याने सम्राटांना हरविले, परंतु त्याचा विजय लपलेल्या माणसाचा होता आणि तो त्याच्याबरोबर जळून गेला. टोरेस यांच्या यंत्राला केवळ तीन सोंगट्यांचा डाव येत होता. पण तो डाव खरा होता. मोठा प्रश्न पुढे आला असता त्याचा एक लहान तुकडा निवडावा, त्याचा तळ गाठेपर्यंत विचार करावा, आणि जेवढे साधले तेवढेच प्रामाणिकपणे जगापुढे ठेवावे, हा टोरेस यांच्या आयुष्याचा मार्ग होता. याच मार्गाने पुढच्या पिढ्यांचे मोठे यंत्र घडले.